कावीळ उतरवू नका, तपासा

कावीळ झाली की आपल्याकडे अजूनही माळ घालतात, मंत्राने उतरवतात. वॉर्डात काम करताना मी आधी विचारायची, ‘शौचाचा रंग कसा आहे?’

यकृतात तयार होणारे पित्त एका नळीतून आतड्यात उतरते. शौचाला रंग त्यानेच येतो. ही नळी अडली की पित्त रक्तात मिसळते. मग डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरके आणि अंगाला खाज. अशी लक्षणे दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी करून घ्या.

नळी खड्याने अडते, तशी बाहेरच्या गाठीने दबतेही. यकृताच्या तोंडाशी लसिका ग्रंथी असतात. त्या क्षयरोगाने सुजतात, कर्करोगाने वाढतात आणि क्वचित कॅसलमन आजारानेही. बोस्टनचे डॉ. बेंजामिन कॅसलमन यांनी १९५० च्या दशकात या आजाराचे वर्णन केले. एकाच ठिकाणची गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण निघाली, तर रुग्ण बहुधा बरा होतो. अनेक ठिकाणी गाठी असतील तर औषधे लागतात; तेव्हा एचआयव्हीची तपासणीही करतात.

म्हणून गाठ दिसली की कॅन्सरच समजून हातपाय गाळू नका. तिन्ही आजारांचे उपचार वेगळे आहेत. कोणता आजार, हे गाठीचा तुकडा तपासल्यावरच पक्के कळते. क्षयरोग निघाला तर सरकारी दवाखान्यात औषधे मोफत मिळतात.

आणि काविळीत थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. माळेच्या भरवशावर दिवस घालवू नका.