नाकाची शाळा

बालमित्रांनो, आधी एक प्रयोग करा. डोळे मिटा, नाक चिमटीत धरा आणि आईला तोंडात एक जेली बीन घालायला सांगा. गोड लागेल, पण चेरी की लिंबू, हे सांगता येणार नाही. आता नाक सोडा. आली ना चव?

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढेच मुख्यतः कळते. तिखट ही तर चवच नव्हे, ती जळजळ. तिचा मज्जातंतू वेगळा. (आयुर्वेदाने मात्र तिखटाला सहा रसांत बसवले आहे आणि त्याला ‘कटु’ म्हटले आहे. कडू म्हणजे तेथे ‘तिक्त’. परीक्षेत घोटाळा करू नका!) आमटीची बाकी सारी चव म्हणजे घशामागून नाकात चढणारा वास.

२०२१ च्या जानेवारीत आमच्या घरी करोना येऊन गेला. ताप चार दिवसांत उतरला, पण वास येणे बंद झाले. मिरची झोंबे, मीठ कळे. पण आमटी म्हणजे नुसते तिखटमिठाचे गरम पाणी.

असे का होते? नाकाच्या छतापाशी वास टिपणाऱ्या चेतापेशी असतात. करोनाचा विषाणू मुख्यतः त्यांच्या शेजारच्या आधारपेशींवर हल्ला करतो आणि सारे कामकाज कोलमडते. माणसात वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. त्यांची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आम्हा संगणकवाल्यांना हे चटकन पटते: बटणे ४००, पण त्यांच्या जुळण्या अगणित. काहीच बटणे चालू झाली तर मेंदूला चुकीचा संकेत जातो. म्हणून बरे होताना कित्येकांना कॉफी आणि कांदा यांची घाण येते. आम्हाला फोडणी जळक्या रबरासारखी येई. स्वयंपाकघरात जाणे नको वाटे.

सुदैवाने या चेतापेशी जन्मभर नव्याने तयार होत राहतात. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये वास गेलेल्या रुग्णांना गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे वास रोज दोनदा, बारा आठवडे घ्यायला लावले. काहींना फायदा झाला, सर्वांना नाही. आम्हीही चार बाटल्या मांडल्या. प्रत्येकी दहा सेकंद हलकेच हुंगायचे आणि तो वास मनात आठवायचा. मे महिन्यात लवंग ओळखू आली. हिंग अजून अर्धवटच येतो.

पालकांनो, वास जाणे म्हणजे केवळ जेवणाची मजा जाणे नव्हे. घरात येणाऱ्या नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. १९३७ मध्ये टेक्सासमधील न्यू लंडनच्या शाळेत वायुगळतीने भीषण स्फोट झाला; त्यानंतर वायूत मुद्दाम उग्र वास मिसळण्याचा कायदा झाला. ज्याला वास येत नाही, त्याला हा इशारा कळतच नाही. अशा घरात वायुगळती ओळखणारा अलार्म हवाच. धुराचा अलार्म ते काम करत नाही. वास परतला नाही तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

गृहपाठ : मिसळणाच्या डब्यातील चार जिन्नस डोळे मिटून हुंगा. ‘चांगला’ आणि ‘वाईट’ हे शब्द चालणार नाहीत! खमंग, खरपूस, करपट, आंबूस, कुबट, उग्र, मंद यांतले योग्य शब्द निवडा. जमले नाही तर आजीला फोन करा.