श्रीक्षेत्र गोकर्ण : गुरुचरित्राचे दोन अध्याय

श्रीगुरुचरित्राचे पारायण करणाऱ्या प्रत्येकाची गोकर्णाची यात्रा दरवेळी पोथीतून घडतेच. सहाव्या अध्यायात नामधारक सिद्धांना विचारतो, इतकी तीर्थे असताना श्रीपाद श्रीवल्लभ गोकर्णालाच का गेले? सिद्धमुनी सहाव्या आणि सातव्या अध्यायात त्याचे उत्तर देतात. श्रीपाद तेथे तीन वर्षे राहिले आणि पुढे श्रीगिरी करून कुरवपुरास गेले, असे आठव्यात येते. तेव्हा दत्तभक्तांच्या दृष्टीने गोकर्ण हे शिवक्षेत्र तर आहेच, शिवाय गुरूंच्या वास्तव्याने पुनीत झालेले स्थान आहे.

गाव कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात. एका अंगाला गंगावळी, दुसऱ्या अंगाला अघनाशिनी आणि समोर पश्चिम समुद्र. कोकण रेल्वेचे गोकर्ण रोड स्टेशन गावापासून दहाएक किलोमीटरवर आहे. तेथून रिक्षा मिळते. परंपरेचा क्रम असा : समुद्रस्नान, कोटितीर्थ, मग महागणपती आणि त्यानंतर महाबळेश्वर. गणपती आधी का, हे कथेतच आहे.

रावणाची आई मातीचे लिंग करून पूजा करीत असे. तिच्यासाठी रावणाने कैलासच उचलायला घेतला, पुढे गायनाने शंकराला प्रसन्न केले आणि आत्मलिंग मिळवले. अट एकच, लंकेला पोहोचेपर्यंत ते भूमीवर ठेवायचे नाही. विष्णूंनी सुदर्शनाने सूर्य झाकला. सायंकाळ झाली असे वाटून रावण संध्येला थांबला. बटूच्या रूपातील गणेशाने तीन हाका मारल्या आणि लिंग खाली ठेवले. रावणाने सारे बळ लावून ओढले, लिंग पिळले गेले, गाईच्या कानासारखे झाले, पण हलले नाही. म्हणून गोकर्ण आणि म्हणूनच महाबळेश्वर. रावणाने रागाने मारलेल्या टोल्याची खूण म्हणून महागणपतीच्या मस्तकावरचा खोलगट भाग आजही दाखवतात. मूर्ती उभी, द्विभुज आहे.

आता सातवा अध्याय. मित्रसह राजाला गौतम ऋषी आपण गोकर्णी पाहिलेले सांगतात. एक आंधळी, कुष्ठाने पिडलेली, अनाथ बाई शिवरात्रीला यात्रेकरूंपुढे हात पसरून बसली होती. कोणीतरी तिच्या हातात बेलाचे पान टाकले. खायचे नाही हे कळताच तिने ते भिरकावले आणि ते शिवलिंगावर पडले. अन्न न मिळाल्याने उपवास घडला, भुकेने जागरण घडले. तिला न्यायला शिवदूत आले.

हे दोन अध्याय एका बैठकीत वाचावेत. ज्याच्या वीस हातांत बळ होते, त्याला लिंग आपल्या घरी नेता आले नाही. जिचा एकच हात पुढे आला होता आणि तोही रिकामा, तिला सर्व मिळाले. रावणाची भक्ती खोटी नव्हती. संध्या चुकू नये म्हणूनच तो थांबला. पण देव त्याला ‘माझ्या लंकेत’ हवा होता. गणेशाने देव समुद्रकाठी ठेवला, तो सर्वांसाठी.

याचा प्रत्यय मला दोन वर्षांपूर्वी आला. आमच्या थोरल्या वहिनी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेलेली. घरातली मुले म्हणाली, “आईला दिसणार काय तिथे? एवढा प्रवास कशाला?” वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भावोजी, जन्मभर तुमच्या तोंडून पोथी ऐकली. तेवढं गोकर्ण करवा.” आम्ही गेलो. महाबळेश्वराचे लिंग इतर ठिकाणांसारखे समोर दिसत नाही. ते शाळिग्राम पीठाखाली आहे. मधल्या छिद्रातून बोट घालायचे आणि टोकाला स्पर्श होतो. मी वाकून पाहिले, काळोखच दिसला. गुरुजींनी वहिनींचा हात धरून नेमक्या जागी ठेवला. त्या म्हणाल्या, “लागलं हो.” डोळसांनाही तेथे बोटानेच पाहावे लागते. त्या गाभाऱ्यात वहिनींना कोणापेक्षा काही कमी नव्हते.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा प्रश्न असेल. गुडघे धरलेत, ऐकू येत नाही, आता कसली यात्रा, असे आपणही म्हणतो आणि मुलेही म्हणतात. सातवा अध्याय त्याला उत्तर आहे. प्रकृतीला झेपेल तेवढे मात्र जरूर पाहावे. शिवरात्रीची गर्दी वयस्करांनी टाळावी. समुद्र खवळलेला असेल तर पाण्यात न उतरता ओंजळभर पाणी मस्तकी लावावे. कोटितीर्थाच्या पायऱ्यांवर सोबत्याचा हात धरावा. पुरुषांनी धोतर किंवा पंचा बरोबर ठेवावा, आत अंगात सदरा चालत नाही. स्पर्शदर्शनाचे नियम आधी विचारून घ्यावेत. महाबळेश्वरानंतर ताम्रगौरीचे दर्शन चुकवू नये.

आणि ज्यांना जाणे खरोखरच शक्य नाही, त्यांनी दत्तजयंतीच्या सप्ताहात हे दोन अध्याय सावकाश वाचावेत, कोणाला वाचून दाखवावेत. देवाकडे जाताना काय घेऊन जावे, याची चिंता आपण फार करतो. हात मोकळा असला, की बेलाचे एक पान पुरते.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥