मधुमालतीची छाटणी : एक निरीक्षणपाठ



आपल्या पुष्कळ शाळांच्या पडवीवर मधुमालतीची वेल चढविलेली असते. थोड्या पाण्यावर ती वाढते, सावली देते आणि सायंकाळी सुगंधही देते. परंतु तीनचार वर्षांत तीच वेल कौले उचलू लागते, पन्हळीत पाला कोंदतो आणि वर्गात उजेड येईनासा होतो. मग कोणी तरी कोयता हाती घेतो. कोयता घेण्यापूर्वी काय पाहावे, हा या पाठाचा विषय आहे.

प्रथम स्वतःचीच चूक सांगतो. मी नवशिक्षक असताना जून महिन्यात शाळा उघडली, तेव्हा वेल अस्ताव्यस्त दिसली. मी ती कापून चौकोनी केली आणि पुढे दर पंधरवड्यास शेंडे छाटून नीटनेटकी राखली. त्या पावसाळ्यात वेल हिरवीगार होती, पण फुलांचा झुबका क्वचितच दिसला. चौथीतील एका मुलीने विचारले, "गुरुजी, आपली वेल रुसली का?" "यंदा पाऊस फार झाला," असे सांगून मी मोकळा झालो. ते उत्तर खोटे होते. कळ्या येण्याची जागाच मी दर पंधरा दिवसांनी कापीत होतो.

फूल कोठे येते?

मधुमालतीचे झुबके त्याच हंगामात फुटलेल्या कोवळ्या फांद्यांच्या टोकांना येतात. म्हणून उन्हाळ्यात व पावसाळ्यात शेंडे कापले की फुले गेली. उलट बहर ओसरल्यावर, थंडी सरत असताना, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत छाटणी केली, तर नवी फूट जोमाने येते व तीच फुलते.

प्रत्येक वेलीचा नियम मात्र असाच नसतो. नारायणगावकडील मुलांना हे घरीच ठाऊक असते. आपल्याकडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ज्या काड्या वाढतात, त्यांच्या डोळ्यांतच पुढील घड सूक्ष्मरूपाने तयार होतो. म्हणून ऑक्टोबरच्या छाटणीत ते डोळे राखूनच काडी कापतात. तेथे काडी बुडाशी कापली तर घड हातचा जातो. तात्पर्य, छाटणीचा महिना पंचांगात शोधावयाचा नाही. फूल कोणत्या फांदीवर येते, हे पाहून तो ठरवावयाचा.

छाटणीची रीत

1. आधी घरटी पाहावीत. दाट वेलीत बुलबुल घरटे करतो. अंडी किंवा पिले असल्यास छाटणी पुढे ढकलावी. बुंध्याजवळचा पाला हाताने न उचलता प्रथम काठीने हलवावा. तेथे सापविंचू असू शकतो.

2. वाळलेल्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळाशी काढाव्यात. जमिनीतून येणारे जादा फुटवेही काढावेत.

3. तीनचार जाड फांद्या सांगाडा म्हणून राखून मांडवास सैल बांधाव्यात. त्यांच्या बाजूच्या फांद्या दोनतीन डोळे ठेवून आखूड कराव्यात.

4. काप धारदार कात्रीने, डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, किंचित तिरपा घ्यावा. बोथट कोयत्याने फांदी चिरते व तेथे कूज शिरते.

5. फार माजलेली वेल एकदम बोडकी करू नये. एका वर्षी तिसरा हिस्सा काढावा. उरलेले काम पुढील दोन वर्षांत करावे. छाटणीनंतर शेणखत व पाणी द्यावे.

कात्री शिक्षकांनीच चालवावी. छपरावर विद्यार्थ्यांस चढवू नये.

वर्गातील पाठ

जूनमध्ये वेलीवरील दहा कोवळ्या फांद्यांना रंगीत दोरा बांधावा. पाचांचे शेंडे खुडावेत, पाच तशाच ठेवाव्यात. ऑगस्टअखेर दोहोंवरील झुबके मुलांनी मोजून तक्ता करावा. दुसरे निरीक्षण तीन दिवसांत होते. सायंकाळी उमलणाऱ्या कळीस दोरा बांधून रोज तिचा रंग लिहावयास सांगावे. पांढरे फूल गुलाबी व मग लाल होते, हे मूल स्वतः पाहील. झुबक्यातील निरनिराळे रंग म्हणजे फुलांची निरनिराळी वये आहेत, हेही त्याच्या ध्यानात येईल. वेल वर कशी चढते, हेही शोधू द्यावे. पान गळाले तरी देठाचा तळ टणक काट्यासारखा मागे उरतो आणि त्याच्या आधारे वेल अडकून राहते.

या वेलीचे जुने शास्त्रीय नाव क्विस्क्वालिस. आज ती कॉम्ब्रेटम या वंशात गणली जाते. रम्फियस या निसर्गशास्त्रज्ञाने दिलेल्या त्या लॅटिन नावाचा अर्थ 'कोण? कशी?' असा आहे. लहानपणी हे झाड झुडपासारखे उभे वाढते आणि पुढे वेल होऊन चढू लागते. त्यामुळे हा प्रश्न पडणे साहजिक होते. तोच प्रश्न कात्री हाती घेताना आपण विचारावा. मुलाने विचारला आणि उत्तर ठाऊक नसेल, तर "चल, दोरा बांधून पाहू," असे म्हणावे. मी त्या मुलीस तसे म्हणावयास हवे होते.

हा प्रयोग आपल्या शाळेत करून त्याचा तक्ता केंद्रसंमेलनात अवश्य मांडावा.