खणातला ‘पाई’ कामाला लावता येईल?

प्रश्न : भाच्याने शिकायला म्हणून घेतलेला रास्पबेरी पाई हा तळहाताएवढा संगणक आमच्या खणात दोन वर्षं पडून आहे. त्याला पोर्टेबल हार्ड डिस्क जोडून घरातले सगळे फोटो एका जागी ठेवता येतील का? सर्व्हरला मोठं यंत्र लागतं, असं शेजारी म्हणतात. शिवाय दर वेळी फोटो बघताना इंटरनेटचा डेटा जाईल, त्याचं काय?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : येतील, अगदी सहज. सर्व्हर हे यंत्राचं नाव नसून कामाचं नाव आहे. पंगतीतल्या वाढप्याला स्वयंपाक यावा लागत नाही; मागितलेला पदार्थ पानापर्यंत पोचवला की झालं. फाइल सर्व्हरचंही तसंच. त्यात डोकं फारसं चालवावं लागत नाही, म्हणून पाईला ते झेपतं.

त्यासाठी पाईवर ‘सांबा’ नावाची मोफत प्रणाली बसवायची. विंडोजवाले संगणक एकमेकांकडे फाइली मागतात त्या बोलीला एसएमबी म्हणतात. ती बोली इतर संगणकांनाही यावी म्हणून ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२च्या सुमारास ही प्रणाली लिहायला घेतली. नाव हवं होतं तेव्हा त्यांनी एस, एम, बी ही अक्षरं असलेले शब्द शब्दांच्या यादीत धुंडाळले, त्यात ‘सांबा’ हाती लागला. सांबाराशी त्याचा काही संबंध नाही!

आता डेटा. वायफाय म्हणजेच इंटरनेट, हा आपल्याकडचा पक्का गैरसमज. फोन आणि पाई एकाच राउटरला जोडलेले असले की फोटो पाईकडून राउटरकडे आणि तिथून फोनकडे जातो. घराबाहेर तो पडतच नाही, त्यामुळे डेटाही जात नाही. इंटरनेट बंद पण वीज चालू, असा दिवस तुमच्याकडे येत असेलच. त्या दिवशी फोटो उघडून बघा.

वेग मात्र पाई कोणता आहे त्यावर ठरेल. २०१९ साली आलेल्या पाई ४ला दोन निळे यूएसबी पोर्ट आणि खरं गिगाबिट नेटवर्क आहे. मूळच्या पाई ३ बीमध्ये नेटवर्कची जोडणी शंभर मेगाबिटची, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट. एक जीबीचा लग्नाचा व्हिडिओ हलवायला निदान ऐंशी सेकंद लागणार. फोटो बघायला तेवढा वेग पुरतो. कोणताही पाई असो, तो राउटरला तारेनेच जोडा. दोन्ही टोकांना वायफाय असलं की तीच फाइल हवेतून दोनदा जाते.

खरी गोची विजेची असते. पाई ४चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. माझ्याकडे डिस्क टिकटिक करायची आणि मधेच गायब व्हायची. दोन संध्याकाळी मी सेटिंगं तपासली, डिस्कला दोष दिला. निघाला काय, तर फोनचा जुना चार्जर! पाईला त्याचाच पाच व्होल्ट, तीन अँपिअरचा अडॅप्टर द्या. डेस्कटॉपची मोठी डिस्क असेल तर तिला वेगळा अडॅप्टर लागेलच.

डिस्क कायमची पाईलाच राहणार असेल तर ती ‘ईएक्सटी४’ पद्धतीने फॉरमॅट करा. आधी तिच्यातलं सगळं दुसरीकडे काढून ठेवा, कारण फॉरमॅटमध्ये ते पुसलं जातं. मग पाई सुरू होताच ती आपोआप जोडली जाईल अशी नोंद ‘एफएसटॅब’ फाइलीत करा. इथे एक छुपी खोड आहे. एखाद्या दिवशी डिस्क जोडलीच गेली नाही, तरी तिच्या नावाचा रिकामा फोल्डर पाईच्या मेमरी कार्डावर असतोच. तुम्ही निर्धास्तपणे फोटो टाकत राहता, ते कार्डावर साठतात, कार्ड भरतं आणि पाई अडून बसतो. फोल्डर अचानक रिकामा दिसला तर फोटो गेले म्हणून घाबरू नका, त्यात नवे टाकूही नका. आधी डिस्क बघा.

‘पासवर्ड बरोबर आहे, तरी आत घेत नाही’ ही तक्रारही नेहमीची. पाईचा पासवर्ड आणि सांबाचा पासवर्ड वेगळे असतात. सांबाचा स्वतंत्रपणे ठेवावा लागतो. पासवर्डच नको म्हणाल, तर नव्या विंडोज अशा पाहुण्याला सहसा दारातूनच परत पाठवतात.

बाहेरगावाहून फोटो बघता यावेत म्हणून राउटरमध्ये सांबाचं दार, म्हणजे ४४५ क्रमांकाचा पोर्ट, कृपया उघडू नका. २०१७ साली ‘वॉनाक्राय’ने जगभरचे संगणक ओलीस धरले, ते विंडोजमधल्या याच बोलीच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. फारच गरज असेल तर वायरगार्डसारखं व्हीपीएन वापरा.

आणि पाईला जोडलेली ही डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. घरात कुणी चुकून एक फोल्डर पुसला, तर तो सगळ्यांसाठीच पुसला जातो. दुसरी डिस्क घ्या, आठवड्याला तिच्यावर प्रत काढा आणि ती सोडवून कपाटात ठेवा. विजेचं म्हणाल तर सरासरी पाच वॅट धरले तरी महिन्याला साडेतीन-चार युनिट. फोनमधले फोटो पुसण्याची घाई मात्र करू नका. कपाटातल्या डिस्कवरचे दहा-वीस फोटो उघडतात का, ते आधी बघा.