निवाऱ्यातील शांत कुत्रा

घरासाठी कुत्रा हवा असेल तर निवारा केंद्रातूनही आणता येतो. आपल्याला गोवा जवळ. तेथे इंटरनॅशनल अ‍ॅनिमल रेस्क्यू या संस्थेने १९९८ साली हे काम सुरू केले. केंद्रात कोपऱ्यात निमूट बसलेला कुत्रा आपण ‘गुणी’ म्हणून पसंत करतो. पण पुष्कळदा ती शांतता स्वभावाची नसून भीतीची असते. शेपूट पोटाशी, कान मागे, समोरच्या खाण्याला तोंड न लावणे, ही तिची लक्षणे.

असा कुत्रा आणू नये असे नाही. त्याला वेळ द्यावा.

१. सुरुवातीचे दिवस पडवीत एक कोपरा द्यावा. मुलांनी ओढून जवळ घेऊ नये. तो आपणहून येईल.

२. काही आठवडे पट्ट्याशिवाय बाहेर नेऊ नये. आपल्याकडे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. फटाक्याला बिचकून पळाला तर परतीची वाट त्याला ठाऊक नसते.

३. रेबीजची लस कधी दिली ते केंद्रातून लिहून घ्यावे. पुढची वेळेवर द्यावी.

रुळायला दोन-तीन महिनेही लागतात. मग एखाद्या सकाळी तो फाटकाकडे पाहून भुंकेल. तेव्हा रागावू नका; हे घर त्याला आपले वाटू लागले आहे.