शाळा व्यवस्थापन समितीतील पालक-सदस्यांची निवड

शाळा गावाची, असे म्हणण्याची प्रथा जुनी आहे. परंतु शाळेच्या कारभारात पालकाला आसन मिळाल्याचा इतिहास तितका जुना नाही. मुंबई इलाख्यात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या शाळामंडळांकडे सोपविण्यात आला. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे काही काळ गावोगावी ग्रामशिक्षण समित्यांनीही काम केले. तथापि शिकणाऱ्या बालकाचा पालक या एकाच नात्याने समितीत बहुमत मिळाले ते २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

या कायद्याच्या कलम २१ अन्वये समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. वंचित गटातील व दुर्बल घटकातील बालकांच्या पालकांना प्रमाणशीर स्थान देणेही बंधनकारक आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०१० च्या निर्णयानुसार समिती बारा ते सोळा जणांची असते. मुख्याध्यापक हे सदस्य-सचिव असून ते या संख्येत धरले जात नाहीत. अध्यक्ष पालक-सदस्यांतूनच निवडला जातो, आणि समितीची दर दोन वर्षांनी पुनर्रचना होते.

हे गणित एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समिती बारा जणांची असल्यास नऊ पालक, एक ग्रामपंचायतीचा निर्वाचित सदस्य, एक शिक्षक व एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ अशी तिची रचना होते; बारांपैकी सहा स्त्रिया असतात. शाळेतील साठ बालकांपैकी वीस तांड्यावरील असतील, तर नऊ पालकांत तिघे तांड्यावरील असावेत. प्रत्येक इयत्तेच्या पालकांना शक्यतो स्थान मिळावे, हेही पाहावयाचे असते.

गणित सुटले म्हणजे निवड झाली, असे मात्र नाही. पटावरील नावांतून बारा नावे काढून, घरोघर सह्या घेऊन कागद पूर्ण करणे सोपे असते. अशा समितीचे दोष मागाहून दिसतात. छप्पर गळू लागते, शिक्षकाचे पद रिक्त राहते, पोषण आहाराविषयी तक्रार येते; त्या वेळी शाळेच्या बाजूने पंचायत समितीपर्यंत जाणारा एकही पालक उभा राहत नाही. ज्याला कोणी निवडले नाही, त्याला कोणासाठी बोलावे हेच ठाऊक नसते.

म्हणून पालकसभेची पूर्वतयारी महत्त्वाची. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्यानंतर लगेच सोयाबीनचे निंदण-डवरण सुरू होते. सकाळी अकरा वाजता सभा बोलाविली, तर मजूर मातेला मजुरी बुडवून यावे लागते. ती येत नाही. सभा सायंकाळी किंवा कामाच्या सुट्टीच्या दिवशी घ्यावी. सूचना फलकावर लावून भागत नाही. दवंडी द्यावी, मुलांच्या हाती चिठ्ठी पाठवावी. मानोरा तालुक्यासारख्या बंजारा वस्तीच्या भागात नाईक व कारभारी यांना निरोप दिला म्हणजे तांड्याला निरोप पोहोचला असे समजू नये. मातांना त्यांच्या गोरबोलीत समजेल अशा रीतीने सांगावे.

सूचनेतच किती जागा आहेत, त्यांत स्त्रियांच्या किती, कोणत्या गटाच्या किती, हे लिहावे. ज्या पालकास सदस्य व्हावयाचे असेल त्याने, वा तिने, आधी नाव कळवावे. अक्षरओळख नसणे ही अपात्रता नाही, हे सभेत स्पष्ट सांगावे. प्रत्येक इच्छुकाने दोन मिनिटे उभे राहून शाळेसाठी काय करणार ते सांगावे. न्यूझीलंडमध्ये १९८९ पासून पालक आपले शाळामंडळ मतपत्रिकेने निवडतात. इकडेही जागांपेक्षा इच्छुक अधिक झाले आणि सभेची संमती असली, तर चिठ्ठ्यांद्वारे मत घेणे इष्ट होय. हात वर करण्यात शेतमालकासमोर मजुराची अडचण होते.

बिनविरोध निवडीचे गावात कौतुक होते. सर्वांनी विचारपूर्वक एकमत केले असल्यास ते योग्यच आहे. परंतु दोन घरांनी रात्री बसून नावे ठरविली असतील, तर ते एकमत नव्हे. मुख्याध्यापकाने स्वतःची पसंती न दर्शविता नियम वाचून दाखवावेत, नावे मोठ्याने पुकारावीत, मोजणी सर्वांसमक्ष करावी आणि इतिवृत्त त्याच बैठकीत लिहून वाचून दाखवावे.

समिती आपले दोष काढील, ही काही शिक्षकांची भीती समजण्यासारखी आहे. समिती शाळेच्या कामावर व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवते, हे खरेच. परंतु तीच समिती शाळा विकास योजना तयार करून शाळेच्या गरजा वरपर्यंत मांडते. कलम २७ अन्वये जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज शिक्षकांस अशैक्षणिक काम देता येत नाही. त्याविषयी पालकांनी उठविलेला आवाज शिक्षकाच्या अर्जापेक्षा दूर पोहोचतो.

सर्वांत मोठा लाभ बालकांचा. दिवाळीनंतर काही कुटुंबे ऊसतोडणीस वा वीटभट्टीवर जातात. कोणते घर केव्हा निघणार, कोणाच्या मागे आजी राहणार, हे हजेरीपटावरून कळत नाही. शेजारच्या आईला कळते. ती समितीत असेल, तर हंगामी वसतिगृहासाठी नावे वेळीच पुढे येतात. ती नसेल, तर गाडी निघून गेल्यावर पटावर केवळ गैरहजेरीची खूण उरते. एका रिकाम्या नावाची किंमत एवढी मोठी असू शकते.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न :

१. आपल्या शाळेच्या पटानुसार बारा सदस्यांच्या समितीतील जागांची वाटणी कागदावर मांडा.

२. गेल्या पालकसभेस किती माता उपस्थित होत्या? ज्या आल्या नाहीत, त्यांची कारणे कोणती?

३. सध्याच्या समितीतील किती सदस्यांनी गेल्या तीन बैठकांत स्वतःहून एखादा विषय मांडला?