जुन्या संगणकातील ‘स्क्रिप्ट होस्ट’ : ओळख व पडताळणी

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा मुंबई, दिल्ली व कोलकात्यासोबत चेन्नईलाही (तेव्हाचे मद्रास) तिचा लाभ मिळाला. याच शहरातील रिची स्ट्रीट ही संगणक व सुट्या भागांची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. तेथून वा अन्य कोठूनही वापरलेला संगणक घेणाऱ्याने त्याच्या अंतरंगातील एक घटक अवश्य तपासावा. तो म्हणजे ‘विंडोज स्क्रिप्ट होस्ट’.

‘स्क्रिप्ट’ म्हणजे संगणकाला द्यावयाच्या आज्ञांची साध्या मजकुरातील यादी. ती वाचून अमलात आणण्याचे काम हा घटक करतो. विंडोज ९५ मध्ये तो मुळात नव्हता. विंडोज ९८ पासून तो प्रणालीसोबतच येऊ लागला. कार्यालयातील नित्याची कामे त्यामुळे सुकर झाली, परंतु अपायकारक आज्ञाही तो तितक्याच निमूटपणे पाळतो. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ विषाणूने हेच दाखवून दिले. प्रेमपत्राच्या नावाने आलेली ती फाइल वस्तुतः स्क्रिप्ट होती. नावाचा शेवटचा भाग पडद्यावर दिसत नसल्याने ती साधा मजकूर भासे. तिने छायाचित्रांच्या फायली नष्ट केल्या आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम उतरवून घेण्याचाही प्रयत्न केला.

पडताळणीची रीत सोपी आहे :

१. ‘स्टार्ट’मधील ‘रन’ निवडावे.

२. चौकटीत डब्ल्यू, एस, सी, आर, आय, पी, टी ही सात इंग्रजी अक्षरे सलग लिहून ‘ओके’ करावे.

३. स्क्रिप्ट होस्टच्या मांडणीची लहान खिडकी उघडल्यास घटक उपलब्ध आहे. फाइल सापडत नसल्याचा संदेश आल्यास तो बसविलेला नाही, असे समजावे.

४. आवृत्ती पाहावयाची असल्यास ‘कमांड प्रॉम्प्ट’वर पहिले अक्षर ‘डब्ल्यू’ऐवजी ‘सी’ लिहावे.

घटक आढळला म्हणजे संगणक दूषित आहे, असे नव्हे. काही जुन्या प्रोग्रॅमना त्याची गरज असते. गरज नसल्यास विंडोज ९८ मध्ये ‘ॲड/रिमूव्ह प्रोग्रॅम्स’, ‘विंडोज सेटअप’ व ‘ॲक्सेसरीज’ या क्रमाने जाऊन तो काढता येतो. नंतरच्या प्रणालींत तो बंद करण्यासाठी जाणकाराचे साहाय्य घ्यावे.

या होस्टवर चालणाऱ्या ‘व्हीबीस्क्रिप्ट’ या भाषेला निरोप देण्याचे मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केले आहे. विंडोज ९८ ची सुरक्षा-दुरुस्ती २००६ मध्ये व एक्सपीची २०१४ मध्ये थांबली. त्यामुळे हा घटक काढला, तरी अशा संगणकावरून इंटरनेट बँकिंग करू नये. पत्रव्यवहार व हिशेब त्यावर खुशाल करावेत. खात्याचा पासवर्ड मात्र अद्ययावत संगणकावरच वापरावा.